दाजीपूर

दाजीपूर : कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरचे एक छोटे जंगलगाव. कोल्हापूरच्या नैर्ऋत्येला सुमारे ८० किमी., देवगड–निपाणी राज्यमार्गावर. गावाच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर फोंडा घाट लागतो आणि रस्ता सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कणकवलीच्या दिशेने उतरतो. गाव लहान असले तरी नाव मोठे आहे. महाराष्ट्रातील सर्वांत जुने अभयारण्य १९५८ मध्ये जाहीर झाले ते या गावाच्या नावाने, ‘दाजीपूर गवा अभयारण्य’ म्हणून. तेव्हा महाराष्ट्र राज्यही अस्तित्वात आलेले नव्हते. १९८५ मध्ये क्षेत्र वाढून ३५१ चौ. किमी. झाले आणि ‘राधानगरी वन्यजीव अभयारण्य’ असे नामांतर झाले. कोल्हापूरची माणसे मात्र आजही दाजीपूरलाच जातात, राधानगरी अभयारण्यात कोणी जात नाही.

भूगोल : गावाच्या दोन बाजूंना दोन नद्यांची पाणलोट क्षेत्रे आहेत. उत्तरेला भोगावती, दक्षिणेला दूधगंगा. भोगावतीवर राधानगरीचे धरण, दूधगंगेवर काळम्मावाडीचे. दोन्ही जलाशयांचे फुगवटे जंगलात आत शिरलेले आहेत. माथ्यावर जांभ्याचे उघडे सडे आणि उतारांच्या घळींत दाट सदाहरित, निमसदाहरित झाडी, अशी इथली रचना आहे. जांभूळ, अंजन, हिरडा, पिसा हे नेहमीचे वृक्ष. खाली कारवीची गच्च जाळी. सड्यावर मातीचा थर बोटभरही नसतो, तरी पावसाळ्याच्या अखेरीस तिथे फुलांचा गालिचा पसरतो. पाऊस साधारणपणे तीन-चार हजार मिलिमीटर, एखाद्या वर्षी त्याहूनही अधिक. जूनपासून गाव धुक्यात जाते. झड लागली की दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, पायवाटांवर जळवा निघतात आणि पर्यटकांना जंगल बंद होते. दिवाळीच्या सुमारास वाटा पुन्हा मोकळ्या होतात.

इतिहास : घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या वाटांवर पूर्वीपासून नजर ठेवावी लागे. दाजीपूरजवळच्या उगवाई देवीच्या मंदिराकडून शिवगडाकडे वाट जाते. गडाचे अवशेष थोडेच उरले आहेत. तरी त्याच्या कड्यावरून खाली कोकण उलगडत जाते आणि किल्ल्यासाठी हीच जागा का निवडली हे कोणाला सांगावे लागत नाही.

गावाभोवतीचे रान टिकले ते मुख्यतः कोल्हापूर संस्थानच्या शिकारीमुळे. राजर्षी शाहू महाराज (कारकीर्द १८९४–१९२२) हे कसलेले शिकारी होते. संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळून शिकवले जात, आणि राधानगरी–दाजीपूरचे जंगल दरबारासाठी राखीव होते. अशी उदाहरणे जगात इतरत्रही सापडतात. इटलीतील ग्रान पारादिसो हे राष्ट्रीय उद्यान १९२२ मध्ये झाले. त्याआधी तेही राजाचे शिकारीचे रान होते आणि तिथले आयबेक्स हे रानबोकड त्या राखणीमुळेच वाचले. राखीव रानात कुऱ्हाड चालत नाही, एवढे दोन्हीकडे समान होते. सामान्य माणसाला मात्र त्या राखणीची किंमत मोजावी लागली. सरपण, चराई, मध, हिरडा या गरजांना तेव्हापासूनच हद्दी पडल्या.

शाहू महाराजांचे या भागावरचे मोठे ऋण शिकारीपेक्षा पाण्याचे आहे. १९०८ च्या सुमारास त्यांनी भोगावतीवर धरणाचे काम हाती घेतले. राधानगरी हे नाव त्यांच्या कन्या राधाबाई यांच्यावरून, तर जलाशयाचे ‘लक्ष्मी तलाव’ हे नाव राणी लक्ष्मीबाई यांच्यावरून पडले. पैशांअभावी मध्येच थांबलेले हे काम त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात ते तडीस गेले. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. पावसाळ्यात ते उघडले की पंचगंगेकाठची गावे सावध होतात. राधानगरीत साठते सुमारे ८.३६ टीएमसी पाणी, काळम्मावाडीत सुमारे २५.४ टीएमसी. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीचे पाणी थेट पाइपलाइनने कोल्हापूर शहरात पोचले. जिल्ह्याच्या ऊसशेतीची आणि शहराच्या नळांची भिस्त किती अंशी या झाडीवर आहे, हे कोल्हापुरात अधिक बोलले जायला हवे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. झाडी उतारावरची माती धरून ठेवते; ती गेली तर धरणे गाळाने भरतील.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबारी राखीव रान सरकारी झाले आणि नऊ वर्षांनी गव्याच्या नावाने अभयारण्य झाले. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात महाराष्ट्रातील चार ठिकाणे आहेत : कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

प्राणिजीवन : दाजीपूरचा मानकरी गवा, बोलीत गवारेडा. पूर्ण वाढलेला नर जवळजवळ टनभर वजनाचा असतो. काळाभोर देह, खांद्यावर उंचवटा, गुडघ्यापासून खाली पांढरे पाय. कळप बहुधा जाणत्या मादीच्या मागे चालतो, सकाळ-संध्याकाळ चरतो आणि उन्हाच्या वेळी दाट झाडीत बसतो. इतका प्रचंड प्राणी झाडीत शिरताच क्षणात दिसेनासा होतो, हे पाहिलेला माणूस विसरत नाही. याखेरीज अस्वल, बिबट्या, सांबर, भेकर, पिसोरी, शेकरू, खवले मांजर आणि रानकुत्र्यांच्या टोळ्या आहेत. पक्ष्यांच्या दोनशेहून अधिक जाती नोंदवल्या गेल्या आहेत. वाघाची वाटही याच रानातून जाते. राधानगरीत २०२२ मध्ये कॅमेऱ्यात टिपलेला एक नर पुढच्या वर्षी चांदोलीत, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आढळला. म्हणजे कर्नाटक-गोव्याकडून उत्तरेला जाणारी जंगलाची पट्टी अजून तुटलेली नाही, आणि दाजीपूर तिच्यावर बसलेले आहे.

लोकजीवन : गावकरी व आसपासच्या वाड्या मुख्यतः शेतीवर जगतात. भात खाचरांत, नाचणी आणि वरी उतारांवर. झाडीच्या कडेने धनगरवाडे आहेत; गवळी व डंगे धनगर म्हशी-गाई पाळून दूध-तुपावर संसार चालवत आले. कारवीच्या कुडाला शेणामातीचा गिलावा दिलेली घरे आता विरळ झाली आहेत.

माणूस आणि गवा यांचे इथले नाते कौतुकाचेही आहे आणि ओढाताणीचेही. भात पोटरीवर आले की रात्री खोपीत राखण करावी लागते, कारण एका रात्रीत कळप वर्षाची बेगमी संपवतो. वनखात्याकडून भरपाई मिळते, पण पंचनामा आणि पैसे हातात पडणे यांत काळ जातो. माथ्यावरची वस्ती हे पिढ्यान्‌पिढ्या सोसते आहे. खालच्या भागाला त्याची जाणीव उशिरा झाली. डिसेंबर २०२१ मध्ये गवे कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत, पंचगंगेच्या काठी आले, तेव्हा सगळे शहर हादरले. दाजीपूरला हे नेहमीचेच. उसाचे फड जंगलाच्या पायथ्यापर्यंत वाढले असताना गव्याला दोष देऊन भागणार नाही.

दुसरा प्रश्न सड्यांचा. जांभ्याखाली बॉक्साइट आहे. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडीला त्याच्या खाणी आहेत. ओसाड माळ समजून पठारे खरवडली जातात, पण पावसाचे पाणी मुरवून झऱ्यांना पुरवतात ती हीच पठारे. उन्हाळ्यात जनावरे उतरतात ते पाणवठेही याच झऱ्यांचे.

पर्यटन : नोव्हेंबर ते मे हा काळ सोयीचा. जंगलात परवानगीने आणि स्थानिक वाटाड्यासह जावे लागते; वाटाडे व गाडीवाले म्हणून गावच्या तरुणांना हंगामी काम मिळते. घनदाट झाडीत गगनगिरी महाराजांचा मठ आहे. राऊतवाडीचा धबधबा राधानगरीजवळ असून तिथे पावसाळ्यात मोठी गर्दी होते. गवा दिसण्याची शक्यता उन्हाळ्यात, पाणवठ्यापाशी, पहाटे आणि सांजेला सर्वाधिक. त्यासाठी गाडीचा भोंगा आणि गाणी बंद ठेवावी लागतात.