चिकुनगुन्या : ताप गेला, दुखणं राहिलं

पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निगडीतल्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, ताप चार दिवसांत गेला. मग दोन महिने झाले तरी सकाळी मूठ का वळत नाही?" विचारणारे कधी चाकणला मशीनवर उभे राहणारे असतात, कधी रोज तीस पोळ्या लाटणाऱ्या काकू. हातात रिपोर्टची फाइल असते. "सगळं नॉर्मल आहे, मनावर घेऊ नका," असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं.

हे दुखणं मनाचं नाही. पण ते इतके दिवस का राहतं, याचं पूर्ण उत्तर वैद्यकशास्त्राकडे अजूनही नाही. त्या शोधाचा बराचसा इतिहास आपल्या पुणे-सोलापूर पट्ट्यातच घडला आहे.

१९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर सुरू केलं. १९७८ मध्ये तेच राष्ट्रीय विषाणू संस्था झालं, म्हणजे कोविडमध्ये रोज बातम्यांत दिसलेली आपली एनआयव्ही. योगायोग असा, की त्याच १९५२ साली आजच्या टांझानियात माकोंडे लोकांच्या वस्त्यांवर एका विचित्र तापाची साथ आली. सांधे इतके दुखायचे की माणूस वाकून चालायचा. माकोंडे भाषेतल्या 'वाकवणारा' अशा अर्थाच्या शब्दावरून आजाराला चिकुनगुन्या नाव पडलं. कोंबडीशी त्याचा काही संबंध नाही. हे सांगावं लागतं, कारण २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला आणि त्याच वर्षी ही साथही पसरली. 'चिकन-गुनिया' म्हणत अनेकांनी चिकन सोडलं. पेशंटना समजावताना माझा घसा बसायचा.

भारतात हा विषाणू १९६३ मध्ये कोलकात्यात सापडला. पुढच्याच वर्षी मद्रासमध्ये अंदाजे ४ लाख लोकांना लागण झाली. १९७३ मध्ये तो सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत आला. ७२ चा दुष्काळ नुकताच सरला होता. पिंपात, रांजणात, हौदात पाणी साठवून ठेवायची सवय घरोघरी होती, आणि एडिस इजिप्ती या डासाला अंडी घालायला असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. बार्शीच्या साथीची जी नोंद झाली, तिच्यात ३७.५ टक्के लोक आजारी पडल्याचं दिसतं. म्हणजे शंभरातले सदतीस-अडतीस. जवळजवळ प्रत्येक घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असणार.

त्यानंतर देशात मोठी साथ आली नाही, ती थेट बत्तीस वर्षं. मी एमबीबीएस करत होतो तेव्हा चिकुनगुन्या हा पाठ्यपुस्तकातल्या काही ओळींचा विषय होता : ताप, पुरळ, सांधेदुखी, आपोआप बरा होतो, मृत्यू नाही. माझ्या मते घोटाळा या 'आपोआप बरा होतो' मध्ये आहे. साथीत मोजला जातो तो ताप. ताप उतरला की पेशंट आकडेवारीतून बाहेर पडतो. त्याचे गुडघे, मनगटं, घोटे पुढे वर्षभर काय करतात, हे पाहायला त्याच्या घरी पुन्हा कुणीतरी जावं लागतं.

असं घरोघरी जाण्याचं एक काम त्याच रस्त्यावर, भिगवणला झालं होतं, पण वेगळ्या कारणासाठी. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने १९९६ मध्ये तिथे हाडा-सांध्यांच्या दुखण्याची पाहणी सुरू केली. कॉपकॉर्ड या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा तो भाग होता. गावात साथ नसतानाही किती लोकांचं काय काय दुखतं, हे त्यातून कळलं. याचं महत्त्व मोठं आहे. आधीपासून किती जणांचे गुडघे दुखत होते हे माहीत नसेल, तर नंतरच्या दुखण्यातला विषाणूचा वाटा ठरवणार कसा?

२००५ च्या अखेरीस साथ परतली. आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्र आणि मग जवळपास सगळा देश. २००६ मध्ये सरकारी नोंदीत सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण होते. एनआयव्हीने विषाणूचं जनुकीय वाचन केलं, तेव्हा दिसलं की हा बार्शीचा विषाणू नव्हेच. १९६३ ते १९७३ चा विषाणू आशियाई घराण्यातला होता, हा आफ्रिकी घराण्यातला. पण संस्थेच्या साठ्यात पुणे जिल्ह्यातल्या यवत इथे २००० साली डासात सापडलेला एक नमुना होता. तोही आफ्रिकी घराण्याचाच निघाला! म्हणजे साथीच्या पाच वर्षं आधीच असा विषाणू पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर येऊन बसला होता.

वादही त्याच वर्षी झाले. सरकारी नोंदीत चिकुनगुन्याने मृत्यू नव्हते. अहमदाबादच्या मृत्यूनोंदी तपासणाऱ्या संशोधकांना मात्र ऑगस्ट ते नोव्हेंबर २००६ मध्ये नेहमीपेक्षा २,९४४ मृत्यू जास्त दिसले. ते सगळे याच आजाराचे होते असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण 'मृत्यू नाही' हे वाक्य त्यानंतर डोळे मिटून लिहिता येईना.

सांध्यांचा वाद अजून मिटलेला नाही. एक मत असं, की विषाणू सांध्यात दडून बसतो. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर सुमारे एक तृतीयांश लोकांना लागण झाली होती. तिथल्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात तब्बल १८ महिन्यांनी विषाणूचे अंश सापडले. दुसरं मत असं, की विषाणू केव्हाच गेलेला असतो, पण आपली प्रतिकारशक्ती लढाई थांबवायला विसरते. कोलंबियातल्या रुग्णांच्या सांध्यांतलं पाणी जवळपास दोन वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यात विषाणू मिळाला नाही. मला दुसरं मत जास्त पटतं, पण सगळ्या पेशंटमध्ये एकच कारण असेल असं मी धरून चालत नाही. लाँग कोविडबद्दलही आज अगदी हाच वाद चालू आहे.

उपचार यावरच अवलंबून असतात, म्हणून हा वाद नुसता पुस्तकी नाही. २००६ मध्ये आम्ही अनेक डॉक्टरांनी क्लोरोक्विन भरपूर लिहिलं. मीही लिहिलं. मलेरियाचं हे औषध संधिवातातही चालतं, मग इथेही चालेल असा हिशोब होता. डॉ. चोप्रांच्या गटाने ते साध्या वेदनाशामक औषधाशी रीतसर ताडून पाहिलं. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आला : क्लोरोक्विनचा वेगळा फायदा नाही. तोवर आठ वर्षं गेली होती.

"लस नाही का?" हा पुढचा प्रश्न. अमेरिकी लष्कराने जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस बनवली होती. २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५९ जणांना ती दिली, आणि सुमारे ८ टक्के लोकांना काही काळ सांधेदुखी झाली. जे टाळायचं तेच थोडंसं झालं. ती लस बाजारात आली नाही. आणखी एक अडचण आहे. साथ कुठे येणार हे आधी कळत नाही, आणि चाचणीची तयारी होईपर्यंत ती ओसरते. म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत पहिल्या लशीला परवानगी मिळाली ती रक्तातल्या प्रतिपिंडांच्या, म्हणजे अँटिबॉडीच्या, पातळीवरून. लस घेतलेल्यांना आजार कमी झाला का, हे साथीत तपासलेलं नव्हतं. २०२५ मध्ये रियुनियनला पुन्हा साथ आली आणि तिथे ती वापरली गेली. काही वृद्धांना गंभीर त्रास झाल्यावर ६५ वर्षांपुढच्यांचं लसीकरण थांबवलं, आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेने तिचा परवाना स्थगित केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे मान्यता मिळालेली दुसरी लस जिवंत विषाणूची नाही.

तोवर दवाखान्यात मी काय करतो? सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो ते विचारतो, सांध्यांना सूज आहे का ते हाताने दाबून पाहतो. तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर संधिवाततज्ज्ञांकडे पाठवतो, कारण काही जणांत खरा आमवात निघतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात. चिकुनगुन्याची आयजीएम चाचणी अनेक महिने पॉझिटिव्ह राहू शकते, म्हणून ती पुन्हा पुन्हा करून पैसे घालवू नका असं सांगतो. आणि फाइलच्या पहिल्या पानावर ताप कोणत्या तारखेला आला ते लिहून ठेवायला लावतो. ती तारीख सहसा कुठल्याच रिपोर्टात नसते.