उद्गार आणि त्यांची चिन्हे : प्रस्तावना

व्याकरणाच्या पुस्तकात केवलप्रयोगी अव्ययांचे प्रकरण अगदी शेवटी येते आणि पान-दीड पानात आटोपते. परीक्षेत ते एखाद्या गुणापुरते उरते. वाक्यातल्या कशाशीही यांचा अन्वय लागत नाही, ती एकटी उभी राहतात, म्हणून त्यांना केवलप्रयोगी म्हटले. अन्वय नाही म्हणजे अभ्यासही नको, असा अर्थ पुढे आपणच काढून घेतला. माझे मत उलट आहे. बोलणाऱ्याचा आवाज कागदावर कसा उतरवायचा, हा प्रश्न ज्याला पडला त्याने अभ्यासाला इथूनच आरंभ करावा.

हे पुस्तक सुरतेतल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी लिहिले आहे, आणि या विषयाशी सुरतेचा संबंध जुना आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले. इंग्रजी व्याकरणातली शब्दजातींची मांडणी मराठीला लावून पाहण्याचे काम त्यांनी केले. आज शाळेत आपण ज्या आठ शब्दजाती पाठ करतो, त्यांचा पाया त्या काळात घातला गेला. हेच दादोबा पुढे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवत होते. २२ जून १८४४ रोजी दुर्गाराम मेहता आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी इथे मानवधर्म सभा स्थापन केली. सभेची नोंद समाजसुधारणेच्या इतिहासात राहिली. मराठीचा आद्य वैयाकरण तापीकाठी गुजराती मुलांना इंग्रजी शिकवत होता, हे मात्र फारसे कोणी आठवत नाही. विरामचिन्हांची व्यवस्था मराठीत रुळवण्याचे श्रेय मेजर थॉमस कॅन्डी यांच्याकडे जाते. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० ची. म्हणजे शब्दजातींची मांडणी आणि तिच्याबरोबरची चिन्हे, दोन्ही आपल्याकडे चौदा वर्षांच्या अंतराने इंग्रजीकडून आली.

आजच्या सुरतेत लिंबायत, उधना भागात खानदेशातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. तिथला मुलगा घरी अहिराणी, वर्गात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी बोलतो, आणि इंग्रजीच्या तासाला ‘ओह’, ‘अलास’, ‘हुर्रे’ यांची यादी उतरवून घेतो. दमून बसल्यावर तो घरात ‘हुश्श’ म्हणतो, गुजराती मित्रांत ‘हाश’ म्हणतो. कोणी शिकवलेले नसताना तो हे बिनचूक करतो. इंग्रजी उद्गार शिकवताना त्याच्या या कसबाचा आधार घ्यावा, असे मला फार वाटते.

या शब्दजातीचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. ग्रीक वैयाकरणांनी तिला वेगळे स्थान दिले नव्हते. उद्गार ते क्रियाविशेषणातच गणत. ग्रीकांच्या आठ शब्दजातींत उपपद होते. लॅटिनमध्ये उपपद नाही. रोमन वैयाकरणांनी उद्गाराला स्वतंत्र जागा दिली आणि आठाचा आकडा कायम राहिला. आपल्या परंपरेत हे शब्द निपातांत, अव्ययांत येतात. पण पाणिनीने एक गोष्ट फार बारकाईने टिपली आहे. दुरून हाक मारताना शेवटचा स्वर लांबतो, तीन मात्रांचा होतो. त्याला प्लुत म्हणतात, आणि तो दाखवायला स्वरापुढे ३ हा अंक लिहितात. छापखान्यातली चिन्हे येण्याच्या कितीतरी आधी, हाकेची लांबी लिहून दाखवण्याची गरज आपल्याकडे कोणाला तरी जाणवली होती. युरोपात उद्गारचिन्ह रूढ होऊ लागले ते चौदाव्या शतकाच्या सुमारास, इटलीत.

आता इंग्रजीकडे. तिथला मुख्य नियम असा की भावना सौम्य असेल तर उद्गारापुढे स्वल्पविराम द्यावा, तीव्र असेल तर उद्गारचिन्ह. ‘वेल’ म्हणून वाक्य सुरू केले तर बहुधा स्वल्पविरामच हवा. उद्गार वाक्याच्या मध्ये आला तर त्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम येतात. उद्गारचिन्हाने उद्गार संपवला आणि पुढे नवे वाक्य सुरू केले, तर पहिले अक्षर मोठ्या लिपीत. ‘ओ’ आणि ‘ओह’ यांतला भेद आपल्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही. पहिला हाकेचा, नेहमी मोठ्या अक्षरात, आणि त्याच्या व नामाच्या मध्ये स्वल्पविराम नाही. दुसरा भावनेचा, त्यापुढे स्वल्पविराम किंवा उद्गारचिन्ह. मराठीतही हे जाणवते. ‘अरे मित्रा, थांब’ यात स्वल्पविराम ‘मित्रा’नंतर येतो, कारण ‘अरे’ आणि ‘मित्रा’ मिळून एकच हाक आहे.

यादीतला प्रत्येक उद्गार दिसला की पुढे उद्गारचिन्ह ठोकायचे, ही सवय शाळेत लागते आणि ती मोडायलाच हवी. ‘बरं’ हा शब्द घ्या. ‘बरं, मी निघते.’ ‘बरं! असं आहे तर.’ ‘बरं? मग पुढं काय झालं?’ ‘बरं… तुझी मर्जी.’ अक्षरे तीच. पहिल्या वाक्यात निरोप आहे, दुसऱ्यात उलगडा, तिसऱ्यात उत्सुकता, चौथ्यात हार. इथे अर्थ चिन्हाने ठरतो. नियम पाठ असला तरी चिन्ह निवडण्याआधी वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे लागते.

मराठीने या क्षेत्रात काही अवघड प्रश्नही ठेवले आहेत. अव्यय म्हणजे ज्याचे रूप बदलत नाही. मग ‘अरे’, ‘अगं’ आणि ‘अहो’ यांचे काय? समोर पुरुष आहे की स्त्री, वडीलधारे की बरोबरीचे, यावर शब्द बदलतो. हे एकाच शब्दाचे विकार मानायचे की तीन स्वतंत्र अव्यये? इंग्रजीच्या साच्यात याला उत्तर नाही, कारण तिथला उद्गार समोरच्याचे लिंग किंवा मान पाहत नाही. तसेच हळहळताना आपण जिभेने जो ‘च्च्’ आवाज काढतो तो वर्णमालेतला च नाही. लिहिताना जवळचे अक्षर वापरून भागवतो. इंग्रजी लेखकांचीही त्या आवाजापाशी हीच अडचण होते.

२०१३ साली डिंगेमान्स, तोरेइरा आणि एनफील्ड या भाषाशास्त्रज्ञांनी जगभरच्या ३१ भाषा तपासून दाखवले की, ऐकू न आल्यावर आपण जो ‘अं?’ म्हणतो त्याच्यासारखाच आखूड, प्रश्नार्थक उद्गार दूरदूरच्या भाषांत सापडतो. त्यांच्या मते तो खरा शब्दच आहे. मुलांना तो शिकावा लागतो. एवढ्याशा ध्वनीवर गंभीर संशोधन उभे राहू शकते, हे नव्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील; विरामचिन्हांचे प्रकरण मात्र मोठ्याने वाचा. आणि एक विनंती आहे. तुमच्या घरात, गल्लीत, कारखान्यात ऐकू येणारे उद्गार लिहून ठेवा : कोण म्हणाले, कोणाला म्हणाले, कोणत्या भाषेत, आणि ते लिहिताना तुम्ही कोणते चिन्ह दिले. सुरतेच्या मराठीची अशी वही अजून व्हायची आहे. ती तुम्ही सुरू करावी.