अंगावरचे प्रदर्शन

बेहाल्यात हातमागाच्या वस्त्रांचे प्रदर्शन भरवावे आणि ती खुंटीला न टांगता शेजारच्या लेकीसुनांनीच नेसून दाखवावीत, असे कुणी सुचविले की 'हे विलायती खूळ' म्हणून नाक मुरडणारे निघतातच. वास्तविक ही रीत आपल्याच घरची. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबारास गेले ते हातसुताचे जाडेभरडे कपडे घालून. भोवती जरीपोशाखातले संस्थानिक! स्वदेशी मालाची दुकाने काकांनी काढलीच होती. त्या दिवशी त्यांचा देहच दुकान झाला.

कलकत्त्यात 'लक्ष्मीर भांडार' हे स्वदेशी दुकान काढणाऱ्या सरलादेवी चौधुराणी पुढे १९२० मध्ये खादीची साडी नेसून सभांतून वावरल्या. सधन घरच्या स्त्रीने ते भरड वस्त्र मिरविणे, हेच तेव्हा नवल होते.

परंतु वस्त्र विणणाऱ्याचे काय? तो प्रश्न सखाराम गणेश देउस्कर या मराठी माणसाने बंगालीत मांडला. देशी कारागिरांच्या ऱ्हासाची हकीकत सांगणारे त्यांचे 'देशेर कथा' १९०४ साली निघाले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. बेहाल्याच्या मंडपात साडीच्या किमतीशेजारी विणकराची मजुरीही लिहिलेली असावी, असे आम्हांस वाटते ते त्या पुस्तकामुळे.