दिनविशेष : २ डिसेंबर – नेली स्टुअर्ट रुपेरी पडद्यावर

१९११ : ‘स्वीट नेल ऑफ ओल्ड ड्रूरी’ हा मूकपट सिडनीत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते रेमंड लाँगफर्ड. ऑस्ट्रेलियन रंगभूमीच्या लाडक्या अभिनेत्री नेली स्टुअर्ट यांनी १९०२ पासून रंगमंचावर गाजवलेली सतराव्या शतकातील इंग्लिश अभिनेत्री नेल ग्विनची भूमिका पन्नाशी ओलांडल्यावर कॅमेऱ्यासमोर केली.

रंगमंचावरचा अभिनय प्रयोगाबरोबर संपतो. पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला येते ती ऐकीव कीर्ती. एकोणिसाव्या शतकात घडलेल्या या अभिनेत्रीची अदाकारी टिकवण्याची संधी चित्रपटाने दिली होती. पण त्याची एकही प्रत आज अस्तित्वात असल्याचे ज्ञात नाही. त्यांच्या कलेचा माग छायाचित्रे, वृत्तपत्रे आणि १९२३च्या आत्मचरित्रातून काढावा लागतो. केवळ चित्रण पुरत नाही. वेळीच जतनही करावे लागते.