त्वानवू सण व त्याचें पक्वान्न

चीन देशांत चांद्र पंचांगाच्या पांचव्या महिन्याच्या पांचव्या दिवशीं त्वानवू नांवाचा सण घरोघरीं पाळितात. सणापूर्वीं घरांतील वडील बायका बांबूचीं अगर नळगवताचीं पानें भिजवितात व त्यांत चिकट जातीचे तांदूळ भरून त्रिकोणी पुडी बांधितात. दोरा आवळण्याचें काम मुलांकडे येतें. उत्तरेकडे आंत वाळविलेलीं बोरें घालितात. दक्षिणेकडे डुकराचें मांस व खारविलेल्या अंड्याचा बलक घालितात. ह्या पक्वान्नास त्सोंगत्स म्हणतात. दारावर वेखंड व दवण्याच्या वर्गांतील एक वनस्पति टांगितात आणि मुलांच्या मनगटांस पंचरंगी दोरे बांधितात.

लोकांत प्रसिद्ध असलेली उपपत्ति अशी कीं, छू राज्यांतील कवि छ्यू य्वान ह्यानें इ. स. पू. २७८ च्या सुमारास मीलो नदींत देह टाकिला. माशांनीं त्याचें शरीर खाऊं नये म्हणून लोकांनीं पाण्यांत भात टाकिला. त्याचेंच हें पक्वान्न झालें. ही कथा सणाइतकी जुनी आहे काय, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

इ. स. पू. १०० च्या सुमारास लिहिणारा इतिहासकार सिमा छ्यान ह्यानें कवीचें चरित्र व जलसमाधि हीं दोन्ही दिलीं आहेत. परंतु तिथि दिली नाहीं, भाताचें नांवही काढिलें नाहीं. तिथीचें महत्त्व त्यास ठाऊक नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. कारण छी राज्यांतील मंग-छांग नामक सरदार ह्याच तिथीस जन्मला व बापानें तें अशुभ मानून त्यास टाकून देण्याची आज्ञा केली, हें त्यानेंच लिहिलें आहे. हा सरदार इ. स. पू. २९९ मध्यें, म्हणजे कवीच्या मृत्यूपूर्वीं सुमारें वीस वर्षें, छिन राज्याचा मंत्री होता. तेव्हां सिमा छ्यानच्या वृत्तान्तावरून दिवसाची भीति कवीच्या मृत्यूहून जुनी ठरते. वेखंड व दोरे हे ह्या भीतीचेच उपाय होत.

पक्वान्नाविषयीं स्पष्ट पुरावा चौ छू (इ. स. २३६–२९७) ह्याच्या ग्रंथांतील आहे. तो म्हणतो कीं, लोक पानांत धान्य बांधून राखेच्या दाट पाण्यांत शिजवितात आणि पांचव्या महिन्याच्या पंचमीस व उत्तरायणाच्या अखेरच्या दिवशीं खातात. यिन व यांग हीं तत्त्वें अद्याप एकमेकांत गुंडाळलेलीं असल्याचें तें चिन्ह होय. छ्यू य्वानचें नांव येथें नाहीं. तें भाताशीं जोडलेलें आढळतें तें वू च्यून (इ. स. ४६९–५२०) ह्याच्या नांवावरील अद्भुतकथासंग्रहांत. तेथें कवीचा आत्मा प्रकट होऊन सांगतो कीं, अर्पिलेला भात जलसर्प चोरतो; सबब त्यावर बकाण्याचीं पानें घालून रंगीत दोरा गुंडाळावा.

आमच्या मतें क्रम असा लागतो: प्रथम अशुभ दिवस, नंतर ऋतूचें पक्वान्न, शेवटीं कवीची कथा. तथापि कथा मागाहून आली म्हणून ती निरर्थक ठरत नाहीं. मूळ भीति ओसरल्यावरही घरचीं माणसें एकत्र बसून पानें बांधीत राहिलीं, ह्यास तीच कारण झाली असावी.

एक गोष्ट संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावी. चौ छूचा मूळ ग्रंथ आज लुप्त आहे. वरील मजकूर जगला तो सहाव्या शतकांत ज्या स्सश्ये ह्यानें आपल्या कृषिग्रंथांतील पाकप्रकरणांत तो उतरून घेतला म्हणून. तेव्हां स्वयंपाकाचीं बाडें क्षुल्लक समजून टाकूं नयेत.