वैजापूरचा पाऊस आणि घरच्या कपाटातला डेटाबेस

“आमच्या वैजापुरात पाऊस खरंच कमी होत चाललाय, की आम्हांला तसं नुसतं वाटतं?” वैजापूर तालुक्यातील काही विज्ञान शिक्षकांशी गप्पा चालू असताना एका सरांनी हा प्रश्न आमच्यापुढे टाकला. आम्ही सवयीने उत्तर दिले, की पुण्याच्या हवामान खात्याकडे शंभरावर वर्षांच्या नोंदी आहेत, त्या पाहाव्यात. सर हसून म्हणाले, “नोंदी असतीलच हो. पण त्यांत वैजापूर कुठे सापडायचं?”

हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड निघाला. माहिती असणे आणि ती आपल्याला हव्या त्या अंगाने विचारता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातील अंतर कसे कमी होत गेले, ही हकीकत सांगण्यासारखी आहे.

भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे गणितज्ञ त्याचे प्रमुख झाले. १८९९चा भीषण दुष्काळ लोकांच्या स्मरणात ताजा होता आणि मॉन्सूनचा अंदाज आधी देता आला पाहिजे असा सरकारचा आग्रह होता. वॉकर यांनी सिमल्याच्या कचेरीत भारतीय कारकुनांना कामाला लावले आणि जगभरच्या हवेचा दाब, तापमान व पाऊस यांचे परस्परसंबंध हाताने काढवून घेतले. आजच्या भाषेत हे प्रचंड माहितीवरील प्रक्रियाच होते. फक्त यंत्राच्या जागी माणसे होती. ‘दक्षिणी आंदोलन’ ही वॉकर यांची सुप्रसिद्ध कल्पना या आकडेमोडीतूनच निघाली. १९२८ साली खात्याचे मुख्यालय पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि चौकाला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. पुढे पंचकार्डे आली, चुंबकीय फिती आल्या, मोठे संगणक आले.

साधन महाग असले की प्रश्नही मोजकेच विचारले जातात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील पार्थसारथी, मुनोत आणि कोठावळे यांनी १९९४ मध्ये देशभरच्या पावसाची १८७१पासूनची मालिका प्रसिद्ध केली. ती ३०६ पर्जन्यमापन केंद्रांवर आधारलेली होती. ढोबळमानाने जिल्ह्यामागे एक केंद्र. मालिका अत्यंत उपयुक्त ठरली आणि तिचा उद्देशही देशाचा व मोठ्या विभागांचा पाऊस सांगणे हाच होता. पण तालुका हे एकक तीत नाही. सरांच्या प्रश्नाला तिथे दारच नव्हते.

ते दार २०१४ साली उघडले. हवामान खात्यातील पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरून सबंध देशावर पाव अंशाची जाळी टाकली आणि जाळीच्या प्रत्येक बिंदूवर १९०१पासून रोज किती पाऊस पडला याचा हिशेब मांडला. उत्तर अक्षांश ६.५ ते ३८.५ आणि पूर्व रेखांश ६६.५ ते १०० असा हा आयत आहे. त्यात १२९ गुणिले १३५, म्हणजे १७,४१५ बिंदू येतात. पैकी सुमारे ५ हजार भारताच्या भूमीवर आहेत. उरलेले समुद्रात किंवा सीमेपलीकडे. वैजापूर साधारण १९.९ अंश उत्तर व ७४.७ अंश पूर्व येथे असल्याने त्याच्या जवळचा बिंदू २० व ७४.७५ हा होय. दर वर्षाची एक फाइल पुण्याच्या खात्याच्या संकेतस्थळावरून कोणालाही घेता येते.

फाइल उघडली की मात्र पंचाईत होते. तिच्यात नुसते आकडे आहेत. हा पाऊस आहे, ही तारीख आहे, हे गाव आहे असे काहीही लिहिलेले नाही. पहिल्या दिवसाचे १७,४१५ आकडे, त्यानंतर दुसऱ्या दिवसाचे तितकेच, असे वर्षअखेरपर्यंत. सर्वांत दक्षिणेची ओळ आधी आणि ओळीत पश्चिमेकडून पूर्वेकडे, हा क्रम माहीत असेल तर वैजापूरचा आकडा कितवा ते काढता येते. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करवून घ्यावे: (२० − ६.५) ÷ ०.२५ = ५४ ओळी मागे टाकायच्या आणि पंचावन्नाव्या ओळीतील चौतिसावा आकडा घ्यायचा. ५४ × १३५ + ३४ = ७,३२४. रोजच्या गठ्ठ्यातील ७,३२४ वा आकडा वैजापूरचा! १९०१ ते २०२० या १२० वर्षांत ४३,८३० दिवस येतात. जमिनीवरचेच बिंदू धरले तरी एकूण नोंदी सुमारे २१ कोटी ७५ लाख होतात.

इतक्या नोंदी आपल्या परिचयाच्या एक्सेलसारख्या तक्त्यात मावत नाहीत. त्याच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी बसतात, म्हणजे दोनशेवर पाने लागतील. जुन्या पद्धतीच्या फाइलीत तर ६५,५३६ ओळींचीच सोय होती. ही मर्यादा विसरल्याने काय होते याचे उदाहरण इंग्लंडमध्ये २०२० साली घडले. कोरोनाच्या साथीत तेथील आरोग्य यंत्रणेने प्रयोगशाळांची माहिती जुन्या पद्धतीच्या तक्त्यात ओढली. तक्ता भरला आणि पुढच्या ओळी निमूटपणे गळून पडल्या. १५,८४१ रुग्ण आठवडाभर मोजलेच गेले नाहीत आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोधही तेवढा लांबला.

एकट्या वैजापूरचे ४३,८३० आकडे जुन्या तक्त्यातही मावतात, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. पण वैजापूरचा पाऊस कमी झाला आणि गंगापूरचा, येवल्याचा झाला नाही, असे दिसले तर? शेजाऱ्यांशी ताडून पाहिल्याखेरीज एका ठिकाणच्या आकड्यांना फारसा अर्थ नसतो. त्यामुळे सगळा साठा हाताशी हवा.

अशा साठ्यांसाठी डेटाबेस ही कल्पना फार पूर्वीच पुढे आली होती. आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती साध्या सारण्यांत ठेवण्याचा सिद्धान्त मांडला. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस यांनी सारण्यांना प्रश्न विचारण्याची भाषा तयार केली. तीच आजची एस्क्यूएल. परंतु हे डेटाबेस चालत मोठ्या यंत्रांवर. त्यांची रीत तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षासारखी होती. कागदपत्रे आत, खिडकीवर कारकून आणि आपण बाहेर अर्ज घेऊन उभे. कारकून कुशल असतो, एका वेळी शंभर अर्जदार सांभाळतो. पण खिडकी बंद असली की कागद आत असूनही आपल्या उपयोगाचे नाहीत. आम्ही संशोधनाला सुरुवात केली तेव्हा मध्यवर्ती संगणकाला जोडणारी तार खराब झाली म्हणून आठवडाभर हात बांधून बसल्याचे आम्हांला चांगले आठवते.

नेमकी हीच अडचण अमेरिकन आरमाराच्या एका विनाशिकेसाठी काम करताना रिचर्ड हिप या संगणकतज्ज्ञांना आली. जहाजाला इजा होऊन एखादा नळ फुटला तर कोणत्या झडपा बंद कराव्यात हे सुचविणारी आज्ञावली त्यांच्याकडे होती. झडपांची माहिती एका मोठ्या डेटाबेसमध्ये होती. तो बंद पडला की पडद्यावर एवढेच दिसे: डेटाबेसशी संपर्क होत नाही. दोष हिप यांच्या आज्ञावलीचा नव्हता, पण बोल तिलाच लागे. माहिती तर त्याच संगणकाच्या चकतीवर आहे, मग ती थेट का वाचू नये? मधला कारकूनच काढून टाकला तर? २००० साली हाती आलेल्या रिकाम्या काही महिन्यांत त्यांनी हा विचार अमलात आणला आणि ऑगस्टमध्ये ‘एस्क्यूलाइट’ची पहिली आवृत्ती बाहेर पडली. हा डेटाबेस स्वतंत्रपणे चालत नाही. तो तुमच्या आज्ञावलीचाच एक भाग बनून राहतो, म्हणून त्याला अंतर्भूत डेटाबेस म्हणतात. सारी माहिती एकाच फाइलीत. अभिलेख कक्षाऐवजी घरच्या कपाटातली वही म्हणा ना!

पहिल्या आवृत्तीत हिप यांनी साठवणीसाठी दुसऱ्याचे तयार साधन घेतले होते. त्यात एखादी नोंद तिच्या खुणेवरून चटकन सापडे, पण नोंदी क्रमाने लावलेल्या नसत. १५ जूनचा पाऊस मिळेल, पण १ जून ते ३० सप्टेंबरचा सलग मिळणार नाही. म्हणून २००१ मध्ये त्यांनी ‘बी-वृक्ष’ ही रचना स्वतः लिहिली. ती बोइंग कंपनीतील बायर व मॅक्क्राइट यांनी १९७०च्या सुमारास शोधली होती. (त्यातील ‘बी’चा अर्थ त्या दोघांनी कधीच स्पष्ट केला नाही.) हिप यांनी ती डोनाल्ड कनूथ यांच्या ग्रंथातून वाचून उचलली. शिक्षकांना गंमत वाटेल, की नोंद शोधणे आणि घालणे ग्रंथात समजावले होते, पण काढून कशी टाकायची हे प्रकरणाअखेरच्या स्वाध्यायात वाचकांवर सोडले होते. हिप यांना तो स्वाध्याय सोडवावाच लागला.

बी-वृक्षाचे बळ साध्या गुणाकारात आहे. समजा, एका पानावर पुढील शंभर पानांचे पत्ते मावतात. पहिल्या पानावरून शंभर वाटा, तिथून दहा हजार, मग दहा लाख, मग दहा कोटी आणि पाचव्या पायरीला एक हजार कोटी. म्हणजे आपल्या पावणेबावीस कोटी नोंदींपैकी कोणतीही एक नोंद पाच पाने उलटली की सापडते. नोंदी आधी बिंदू आणि मग तारीख अशा क्रमाने लावल्या तर वैजापूरचे सगळे दिवस एकाला एक लागून येतात. मूळ फाइलीत ते १७,४१५ आकड्यांच्या अंतराने विखुरलेले होते. शाळेचे जनरल रजिस्टर प्रवेशक्रमाने असते. त्यातून एकाच गावची मुले शोधायची तर सगळी पाने चाळावी लागतात, पण गाववार यादी केलेली असली की काम मिनिटाचे. हाच तो फरक.

आज बहुतेक प्रत्येक स्मार्टफोनमध्ये एस्क्यूलाइट आहे. अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सअॅपचे संदेश त्यातच साठतात. छोट्या उपकरणांना कोणता डेटाबेस परवडेल यावर आपल्याकडेही विचार झाला. पवईच्या आय.आय.टी.त रामामृतम् आणि सहकाऱ्यांनी २००५च्या सुमारास त्यावर शोधनिबंध लिहिले.

तरीही या वहीची एक मर्यादा आहे. ती आडव्या ओळींची आहे. एक नोंद म्हणजे एक ओळ: अक्षांश, रेखांश, तारीख, पाऊस. देशातील सर्व बिंदूंची दरवर्षीची सरासरी हवी असेल, तर पावसाचा एक आकडा घेण्यासाठी बाकीचे तीन उगाच वाचावे लागतात. वर्गातील गणिताच्या गुणांची सरासरी काढायला प्रत्येक मुलाचे संपूर्ण प्रगतिपुस्तक उघडण्यासारखेच. त्यापेक्षा गणिताच्या गुणांची उभी पट्टीच वेगळी ठेवली तर? उभ्या पट्ट्यांच्या डेटाबेसवर अॅमस्टरडॅमच्या सी.डब्ल्यू.आय. या संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम चालू होते. तेथील मार्क रासफेल्ट आणि हानेस म्यूलायझेन यांनी २०१९ मध्ये ही रचना आणि हिप यांची घरच्या वहीची कल्पना एकत्र आणून ‘डकडीबी’ सादर केला. म्यूलायझेन यांच्या पाळीव बदकावरून हे नाव पडले. उभ्या पट्टीत एकच अक्षांश लाखो वेळा ओळीने येतो, तेव्हा तो एकदाच लिहून पुढे ‘इतक्या वेळा’ एवढे नोंदले की भागते. त्यामुळे साठा आक्रसतो आणि कोट्यवधी नोंदींची बेरीज साध्या लॅपटॉपवर होते. एकाच वेळी शेकडो लोक नोंदी भरणार असतील तर मात्र खिडकीवरचा कारकूनच बरा. बँकेचे काम या वह्यांवर चालवू नये.

आता पुन्हा वैजापूरकडे. आम्ही आणि त्या सरांनी मिळून फाइली डेटाबेसमध्ये भरल्या आणि पहिलीच सरासरी ऋण आली. पाऊस शून्याखाली! फाइलींत समुद्रावरील व माहिती नसलेल्या बिंदूंसाठी −९९९ हा आकडा ठेवलेला असतो आणि तो आम्ही गाळलाच नव्हता. तो गाळल्यावर वैजापूरच्या वार्षिक पावसाचे स्तंभ उभे राहिले. एका वर्षी उंच, दुसऱ्या वर्षी ठेंगणे, अशी त्यांची उडी इतकी मोठी, की कल कोणता दिसेल हे कोठून मोजायला सुरुवात केली त्यावरच ठरू लागले. १९७२च्या दुष्काळापासून रेघ ओढली तर ती वर चढायला बघते. देशभर भरपूर पाऊस झालेल्या १९८८पासून ओढली तर खाली झुकायला. कोणतेही एक वर्ष सोयीने निवडून केलेले विधान म्हणूनच आम्ही मानत नाही. सरासरीपेक्षा दोन पावसांमधील कोरड्या दिवसांची लांबी मोजावी, असे सरांनी सुचविले. शेतकऱ्याला तीच भोवते. प्रश्न बदलला, तरी डेटाबेसला नवा अर्ज नको होता. चार ओळी बदलून पुन्हा विचारले, एवढेच.

एक सावधगिरी मात्र हवी. जाळीच्या बिंदूवरील आकडा म्हणजे वैजापूरच्या पर्जन्यमापकातील पाणी नव्हे. आजूबाजूच्या केंद्रांच्या नोंदींना अंतरानुसार कमीजास्त वजन देऊन काढलेला तो अंदाज आहे, आणि १२० वर्षांत नोंद देणाऱ्या केंद्रांची संख्याही बदलत राहिली आहे. एका गावावर कोसळलेली ढगफुटी त्यात सौम्य होऊन जाते.

सरांच्या शाळेत मुलांनी काही पावसाळे स्वतः मोजून वहीत लिहून ठेवले आहेत. ती वही आता दुसरी सारणी म्हणून त्याच फाइलीत घालायची आहे. प्रथमदर्शनी दोन्हींचा मेळ बसेना. मग लक्षात आले, की हवामान खाते सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा पाऊस त्याच दिवसाच्या तारखेवर लिहिते. मुले मात्र शाळा भरल्यावर मोजतात आणि आदल्या दिवसाच्या तारखेवर लिहितात. त्यामुळे सारण्या जोडताना मुलांच्या वहीतील तारीख एक दिवसाने पुढे सरकवावी लागेल, आणि साडेआठ ते शाळा भरेपर्यंत पडलेल्या पावसाचे काय करायचे, हे सध्या नववीचा वर्ग ठरवतो आहे.