चुकीच्या नावाखालचा तारा

कोपरहून कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर करीत नारायणगावास पोचले की खोडद जवळच आहे. तिथे आणि आसपासच्या गावांत मिळून ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ तबकड्या उभ्या आहेत. या दुर्बिणीच्या इतिहासातील एक प्रकरण आम्हांस पोथीसंशोधनाच्या जवळचे वाटते.

नरतुरंग या तारकासमूहात क्ष-किरण फेकणारे एक जोडपे होते. अभ्यासकांनी त्यातील मुख्य तारा श्वेत बटू ठरवला, आणि नाव एकदा चिकटले की वाचन त्याच अंगाने होते. त्याच दिशेने गॅमा किरण येतात असे दिसल्यावर मात्र शंका बळावली.

यामागे १९८२ची एक कल्पना होती. त्या वर्षी अरेसिबोला सेकंदास ६४२ वेळा फिरणारा स्पंदक सापडला; शोधकर्त्यांत कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. इतका वेग येतो कुठून? बंगळुरूच्या राधाकृष्णन आणि श्रीनिवासन यांनी त्याच वर्षी लिहिले : विझलेला म्हातारा स्पंदक सोबत्याचे द्रव्य ओढून घेतो आणि पुन्हा गरगरू लागतो. द्रव्य पडत असताना क्ष-किरण, ते थांबले की रेडिओ स्पंदने.

२०१२च्या अखेरीस नरतुरंगातील त्या जोडप्याचे क्ष-किरण एकाएकी मंदावले. द्रव्याची चकती नाहीशी झाली होती. २०१४ साली पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील जयंत रॉय, भास्वती भट्टाचार्य आदींना खोडदच्या दुर्बिणीने तेथून १.६९ मिलिसेकंदांचे स्पंदन मिळाले. असा पालट दाखवणारा हा तिसरा तारा. पहिला मान नाही, म्हणून आपल्या वृत्तपत्रांनी फारशी दखल घेतली नसावी.

आम्हांस याहून मोलाचे वाटते ते पुढचे. फिरण्याचा काळ नेमका कळल्यावर अलेसांद्रो पापित्तो व सहकाऱ्यांनी एक्सएमएम-न्यूटन उपग्रहाच्या, चकती शाबूत असतानाच्या जुन्या क्ष-किरण नोंदी पुन्हा चाळल्या. त्यांत तेच स्पंदन निघाले. म्हणजे क्ष-किरण मंद असतानाही द्रव्य थेट ताऱ्याच्या पृष्ठावर पडत असावे. २०१५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. नोंदी तोवर कित्येक वर्षे दप्तरात पडून होत्या.